विश्वाला उकळी फुटली होती का?

राजारामपुरीतून बोलतोय. आज थेट विषयाला हात घालू.

बिग बँगनंतर सेकंदाचा साधारण शंभर अब्जावा भाग उलटला होता. विश्व थंड होत होतं, आणि तेव्हा हिग्ज क्षेत्र जागं झालं. त्यामुळे मूलकणांना वस्तुमान मिळालं. पण हा बदल झाला कसा? थंडीत तूप थिजतं तसा, नेमका कधी ते सांगताच येऊ नये असा? की उकळत्या पाण्यासारखा, बुडबुडे फुटत? बुडबुडे असतील तर ते एकमेकांवर आदळून गुरुत्वीय लहरी उठल्या असणार. आणि जगात पदार्थच का उरला, प्रतिपदार्थ कुठं गेला, याचंही उत्तर तिथं मिळू शकतं.

१९९६ मध्ये संगणकावरच्या गणितातून कळलं, की हिग्ज कण जड असेल तर बुडबुडे नाहीत. २०१२ मध्ये तो सर्नला सापडला, १२५ जीईव्हीचा. जडच की! म्हणजे माहीत असलेल्या कणांपुरतं उत्तर 'तूप'. पण न सापडलेले कण असतील, तर उकळी अजून शक्य आहे.

मग काढा की गणित! इथंच घोडं अडतं. ही बेरीज न संपणारी. आधी मोठा आकडा, मग छोटी दुरुस्ती, मग आणखी छोटी. त्यासाठी ऊर्जेची एक पट्टी आपणच निवडतो. पूर्ण बेरीज केली तर पट्टी कुठलीही घ्या, उत्तर एकच. गूळ कुठल्याही काट्यावर तोला, वजन तेच यायला हवं ना? पण बेरीज मध्येच थांबवली, की पट्टीगणिक उत्तर बदलतं. २०२० मध्ये क्रून आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नेहमीच्या पद्धतीत लहरींच्या ताकदीचा अंदाज शेकडो ते हजारपट हलू शकतो.

म्हणाल, आपल्याला काय त्याचं? हिंगोलीत लायगो-इंडिया होतेय, पण या लहरी तिच्यासाठी फार संथ. त्या ऐकायला युरोपची 'लिसा' आहे: तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर. उड्डाण २०३५ च्या सुमारास. तिनं उद्या काही ऐकलं आणि आपला अंदाजच हजारपट हलत असेल, तर कुठला नवा कण खरा हे ठरवणार कसं? काहीच ऐकू आलं नाही, तर बाद कुणाला करणार?

उपाय आहे. लांब लहरींचा भाग वेगळा काढायचा, तो संगणकावर सोडवायचा, आणि दुरुस्त्या आणखी पुढं न्यायच्या. काम किचकट, पण त्याला यान लागत नाही. शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या दोस्तांनो, लिसा उडेपर्यंत वेळ आहे. तोवर काटा नीट करायचा आहे.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!