शेवटच्या पंगतीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्वच्छ वीज आणि उच्च शिक्षण या विषयावर मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. हा प्राध्यापकांचा प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काहींना वाटेल. परंतु कोलाडइतका या विषयाशी जवळचा संबंध फार थोड्या गावांचा असेल.

आपली कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, याचे परगावच्या पाहुण्यांना नवल वाटते. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीला मुळा नदी अडवली आहे. तिचे पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून खाली भिऱ्याला उतरते. तेथे 1927 सालापासून वीज तयार होते आणि चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी आपल्या नदीत येते. त्यावर आपले कालवे वाहतात आणि हल्ली राफ्टिंगची होडकीही चालतात. धूर नाही, राख नाही. वीज खरोखर स्वच्छ आहे.

पण त्या धरणाखाली मुळशीकरांची भातखाचरे आणि घरे गेली. सेनापती बापटांनी ज्याचे नेतृत्व केले तो मुळशीचा सत्याग्रह 1921 साली सुरू झाला. त्यात स्त्रियाही होत्या. तरी धरण झालेच. वरच्यांचे बुडाले आणि खालच्यांचे भिजले. आपल्या ताटातल्या भातात त्यांचा वाटा आहे, हे आपण विसरू नये.

धरण बांधणारे काही अडाणी नव्हते. पाणी किती उंचीवरून पडेल याचे त्यांचे गणित अचूक होते. मात्र उठवलेल्या बाईने चूल कोठे मांडावी, हे गणित त्यांच्या वहीत नव्हते.

आज पुन्हा तीच वेळ आली आहे. कोळसा सोडून ऊन आणि वारा यांच्याकडे वळावयाचे आहे, आणि ते आवश्यकच आहे. पण त्यालाही जमीन लागते, पैसा लागतो. 2024 साली केंद्र सरकारने घराच्या छपरावर सौर संच बसवण्याची योजना सुरू केली. तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. योजना चांगली आहे. पण ज्या बाईचे छप्परच भाड्याचे, तिने काय करावे? याचे उत्तर एकट्या इंजिनिअरला देता येणार नाही. त्याच्या शेजारी कायदा शिकलेला, अर्थशास्त्र शिकलेला, समाजशास्त्र शिकलेला असे सारे बसले पाहिजेत.

लग्नघरी हेच नाही का होत? एक भात पाहते, एक वरण पाहते, एक वाढते. पण शेवटच्या पंगतीला पुरेल की नाही, याकडे लक्ष ठेवणारी एक जाणती लागतेच. विद्यार्थ्यांना हा शेवटच्या पंगतीचा हिशेब शिकवला पाहिजे.

असे शिक्षण देणारी ठिकाणे आहेत. पवईच्या आय.आय.टी.मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र 1985 साली निघाले. तेथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात पदव्युत्तर शिक्षण मिळते. निरनिराळ्या शाखांचे इंजिनिअर तेथे एकत्र शिकतात आणि काही आठवडे खेड्यात राहून काम करतात. त्याच आय.आय.टी.च्या सौर दिव्यांच्या कामातून राजस्थानातील डुंगरपूरच्या आदिवासी स्त्रिया दिवे जोडावयास शिकल्या, आणि पुढे त्यांनी सौर पट्ट्या तयार करणारी स्वतःची कंपनी काढली.

कोणी म्हणेल, काही आठवडे राहून मुलांना खेडे काय कळणार? आक्षेप खरा आहे. पाहुण्याला घराची ओसरी दिसते, माजघर दिसत नाही. म्हणूनच आपले काम महत्त्वाचे आहे. मुले वही घेऊन दारी आली, की "सगळे ठीक आहे" म्हणून चहावर बोळवण करू नका. वीज कधी जाते, बिल कोण भरते, गॅस संपल्यावर लाकडे कोण आणते, ते सांगा. वाडीवरच्या बायकांनाही बोलवा. त्यांच्या वतीने आपणच बोलू नका.

आणखी दोन विनंत्या करते. मुलगी पदवीनंतर पुढे शिकते म्हणाली, तर नुसत्या लग्नाच्या घाईने तिला अडवू नका. आणि लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथील मुलामुलींना मंडळाने पत्र लिहून बोलवावे. त्यांना भिरा दाखवावा आणि त्याच दिवशी मुळशीची हकीकतही सांगावी. दोन्ही पाहिल्याशिवाय त्यांचे शिक्षण पुरे होणार नाही.