जपानमधील वाडीवस्तीवरची देवळे



जपानचे देऊळ म्हटले की इसे येथील महाक्षेत्राचे चित्र डोळ्यांपुढे येते. मला आज बोलावयाचे आहे ते आळीतल्या, भातखाचरांच्या कडेच्या लहान शिंतो देवळांविषयी. दोन खांबांवर आडव्या तुळया असलेले तोरण, त्याला तेथे 'तोरिई' म्हणतात. हात धुण्यास व चूळ भरण्यास पाण्याचे टाके. एक लहानसे लाकडी घर आणि भोवती झाडी. मूर्ती सहसा नसते. देवाचे चिन्ह म्हणून आरसा किंवा तशीच एखादी वस्तू आत झाकून ठेवलेली असते. देव इनारी, म्हणजे भातपिकाचा असेल, तर दाराशी दगडी कोल्ह्यांची जोडी बसलेली दिसते.

ह्या साऱ्यांत घर गौण आणि झाडी मुख्य. ज्यांनी आपल्याकडची देवराई पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. पुष्कळ ठिकाणी कायमचा पुजारीही नसे. देवाच्या आश्रयाखालची घरे, ज्यांना 'उजिको' म्हणतात, तीच पाळीपाळीने झाडलोट करीत, उत्सव करीत.

ह्या देवळांवर सर्वांत मोठा घाला कोणी घातला? शिंतो धर्माच्या शत्रूंनी नव्हे, तर त्या देवांना राष्ट्राचे दैवत मानणाऱ्या सरकारनेच! मेइजी राजवटीने देवळांना सरकारी दर्जे ठरवून दिले होते. उत्पन्न नसलेली, पडकी देवळे ही राष्ट्राच्या देवांना शोभत नाहीत, असे अधिकाऱ्यांना वाटू लागले. शिवाय लहान गावे जोडून नवी मोठी गावे बनविली होती. तेव्हा एका गावाला एकच देऊळ पुरे, असा हिशेब निघाला. १९०६ पासून एकत्रीकरण जोरात सुरू झाले. सुमारे १,९०,००० देवळांपैकी जवळजवळ ७०,००० देवळे दहा वर्षांच्या आत नाहीशी झाली. मिए प्रांतात तर दहांतली नऊ गेली. देव शेजारच्या गावी नेले, आणि मागे राहिलेल्या राईवर कुऱ्हाड पडली. शेकडो वर्षांच्या झाडांना भाव चांगला येत होता, हेही येथे विसरू नये.

ह्याविरुद्ध उभा राहिला वाकायामा प्रांतातला एक विक्षिप्त विद्वान, मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१). लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षे वाचन केलेला हा गृहस्थ ओल्या लाकडावर वाढणाऱ्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांचा अभ्यासक होता. त्याचे नमुने ह्याच रायांत सापडत. १९१० साली एकत्रीकरणाच्या पुरस्कर्त्या अधिकाऱ्याला गाठण्यासाठी तो मद्याच्या भरात एका सभेत घुसला, हातातली पिशवी फेकली आणि अटकेत गेला. वागणे काही आदर्श नव्हे; पण त्याचा युक्तिवाद पक्का होता. राई तुटली की पक्षी जातात, पक्षी गेले की किडी वाढतात, आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. देव दूर गेला की लोकांचे एकत्र येणे थांबते. त्याची पत्रे लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ ह्यांनी १९११ मध्ये छापून वाटली. अखेर १९२० मध्ये वरिष्ठ सभागृहाने हे धोरण सोडण्याचा ठराव केला. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. कुमानोच्या यात्रामार्गावर नोनाका येथे काही प्रचंड सुगी वृक्ष अजून उभे आहेत, ते मात्र त्याच्या खटपटीचे फळ.

१९४५ मध्ये पराभवानंतर सरकार आणि देवळे ह्यांची फारकत झाली. १९४७ च्या राज्यघटनेने धर्मसंस्थांना सार्वजनिक पैसा देण्यास बंदी केली. काही वाड्यांनी त्यानंतर आपले देव परत आणले, रिकाम्या जागी पुन्हा तोरण उभारले. आज जपानात सुमारे ८०,००० देवळे आहेत, परंतु पुजारी त्या मानाने फारच थोडे. एकेकाकडे दहा-वीस देवळे असणे नवलाचे नाही. तोक्योत जागा इतकी महाग, की गिंझा भागात काही देव दुकानांच्या गच्चीवर जाऊन बसले आहेत. तेथे दर्शनाला लिफ्टने जावे लागते! पण त्यांची चिंता करावयास दुकानदार आहेत. खरी अडचण डोंगराळ खेड्यांत आहे. तरुण माणसे शहरांत गेली, सत्तरीच्या पुढची चार-दोन घरे उरली. छपराची दुरुस्ती कोणी करावयाची आणि उत्सवात पालखी कोणाच्या खांद्यावर द्यावयाची? पूर्वी हुकुमाने झालेले एकत्रीकरण आता तेथे आपखुशीने, डोळ्यांत पाणी आणून होत आहे. जुन्या इमारतीला कायद्याचे संरक्षण देता येते, झाडाला स्मारक म्हणून नोंदविता येते. पण पानगळीत अंगण झाडण्याची पाळी कोणावर, हे कोणत्याही खात्याला ठरविता येत नाही.