आपत्तीची रंगीत तालीम आणि बिनतारीचे स्वयंसेवक

(देवस्थानच्या अग्रशाळेत महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरीच्या निमित्ताने माझे बहुतेक आयुष्य सिल्वासा येथे गेले. जत्रेला आलो की, ‘तिकडे फावल्या वेळी काय करता?’ असे आपल्यापैकी कोणी ना कोणी विचारतात. आणि ‘वायरलेस’ असे उत्तर दिले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर पोलीस चौकी उभी राहते. तो गैरसमज एकदाचा दूर व्हावा म्हणून अध्यक्षांनी आज मला येथे उभे केले आहे.

सिल्वासा हे नाव आपल्यातील वडीलधाऱ्यांना परके नाही. 22 जुलै 1954 रोजी दादरा आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले, आणि त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाच्या व इतर संघटनांच्या गोमंतकीय तरुणांचा मोठा वाटा होता. तेथे हाती लागलेल्या दोन वायरलेस संचांतूनच पुढे एक प्रक्षेपक सिद्ध करण्यात आला. आणि नोव्हेंबर 1955 पासून डिसेंबर 1961 पर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या रानातून गोमंतकीयांना स्वातंत्र्याचा आवाज ऐकविला. लिबियाबाईंना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ही हकीकत नव्या पिढीच्या कानी आली. सिल्वासाचे आणि आपल्या गोव्याचे नाते असे बिनतारीनेही जोडलेले आहे.

मात्र आम्ही हौशी बिनतारीवाले, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, ते जनतेसाठी प्रक्षेपण करीत नाही. कायद्याने ते आम्हांस वर्ज्य आहे. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा द्यावी, परवाना व संकेतनाम मिळवावे आणि तशाच परवानाधारकांशी संभाषण करावे, एवढाच आमचा अधिकार. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेले मूलही परीक्षेस बसू शकते. या कामाचा पैसा घेता येत नाही, त्यामुळे आमच्यात भांडणे झालीच तर ती फक्त एरियलच्या उंचीवरून होतात.

साधने अगदी साधी. हातात मावणारा संच जवळपासच्या संभाषणाला पुरतो. पण मध्ये डोंगर आला की तो मुका होतो. दूरच्या संदेशासाठी 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारा संच, मोटारीची 12 व्होल्टची बॅटरी आणि सुमारे 20 मीटर लांबीची तांब्याची तार लागते. ही तार जमिनीपासून फार उंच न बांधता ताणली, तर तिच्यातून निघालेल्या लहरी सरळ वर जातात आणि आकाशातील विद्युत्भारित थरावर आदळून आसपासच्या शेकडो किलोमीटरच्या टापूत छत्रीसारख्या खाली उतरतात. डोंगर मग आडवा येत नाही. मोबाइलचे मनोरे मात्र वीज गेल्यावर काही तासांत आपल्या बॅटऱ्या संपवून गप्प बसतात, आणि त्याआधीही सर्वांनी एकदम फोन उचलल्यामुळे ते गुदमरलेले असतात.

सिल्वासाला याची गरज का, असे कोणी विचारील. दादरा आणि नगर हवेलीचे क्षेत्र अवघे 491 चौरस किलोमीटर. त्यातही दादरा हा तुकडा वेगळा, चहूबाजूंनी गुजरातने वेढलेला. दमणगंगेवर वरच्या अंगाला मधुबन धरण, खालच्या अंगाला वापी आणि दमण. 2004 च्या ऑगस्टमधील पूर आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. मध्ये कारखान्यांची दाटी. खानवेल, दुधनीकडे डोंगर आणि विरळ वस्ती. पुराचे पाणी किंवा वायूचा ढग राज्याच्या हद्दीवर थांबत नाही, आणि सुदैवाने बिनतारी लहरीही थांबत नाहीत.

घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी 1989 साली केलेल्या नियमांनुसार आवाराच्या आत सहा महिन्यांतून एकदा आणि आवाराबाहेरच्या संकटाची वर्षातून एकदा तालीम घ्यावी लागते. पुढे 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. 7 मे 2025 रोजी देशातील 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी सराव पुकारण्यात आला, त्याच्या सूचनांतही बिनतारी दुवे तपासून पाहण्याचा उल्लेख होता. पण तालीम म्हटली की भोंगा वाजतो, छायाचित्रे निघतात, अल्पोपाहार होतो आणि ‘सर्व काही सुरळीत’ असा अहवाल जातो. मला स्वतःला असा अहवाल वाचला की भीती वाटते.

त्याचे कारण सांगतो. आमच्या भागातील अशाच एका सरावात मी नियंत्रण कक्षातील टेबलावर होतो. अमोनियाची गळती झाली आहे असे कल्पिलेले. फाटकावर एक गुजराती तरुण स्वयंसेवक संच घेऊन उभा होता. त्याने कळविले, ‘जखमी सत्तर.’ मी कागदावर 70 लिहिले आणि कागद अधिकाऱ्यांच्या हाती दिला. त्यांनी तत्काळ होत्या नव्हत्या तेवढ्या रुग्णवाहिका त्या फाटकाकडे पिटाळल्या. दुसऱ्या बाजूच्या पाड्यावर, जेथे तालमीच्या आराखड्याप्रमाणे म्हातारीकोतारी माणसे वाट पाहत होती, तेथे एकही वाहन उरले नाही. वीसेक मिनिटांनी फाटकावरून विचारणा आली की, एवढ्या गाड्या रिकाम्या का उभ्या आहेत?

मंडळी, गुजरातीत ‘सत्तर’ म्हणजे सतरा. आपल्या सत्तरला ते ‘सित्तेर’ म्हणतात. त्या मुलाने आपल्या भाषेत अचूक सांगितले होते, मी माझ्या भाषेत अचूक ऐकले होते, आणि दोघांच्या अचूकपणामधून त्रेपन्न माणसे आकाशातून पडली होती. ज्या गावात मराठी, गुजराती, हिंदी, वारली, कोकणा अशा बोली एकाच बाजारात नांदतात, तेथे इतकी वर्षे राहून ही गोष्ट माझ्या ध्यानी येऊ नये, याची मला आजही लाज वाटते. चूक माझीच. आकडा परत म्हणून दाखविण्याचा नियम मला पाठ होता. घाईत मी तो पाळला नाही.

तेव्हापासून आम्ही आकडा सुटा बोलतो: ‘एक, सात.’ ऐकणाऱ्याने तो तसाच परत म्हणावयाचा, आणि पाठविणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय कागद हातातून सोडावयाचा नाही. मराठीतही त्रेसष्ट आणि सदुसष्ट खरखरीत लाइनवर सारखेच वाटतात. प्रत्येक संदेशावर क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणास आणि शब्दसंख्या लिहितो. शब्द मोजले की गळालेला शब्द ध्यानी येतो. आपल्या मताची भर घालावयाची नाही, ‘फार गंभीर दिसते’ असे म्हणावयाचे नाही. एकाने केंद्रस्थानी बसून कोणी केव्हा बोलावे ते ठरवावयाचे आणि इतरांनी गप्प राहावयाचे. या गप्प राहण्याचा सराव यंत्राच्या सरावापेक्षा कठीण आहे. आमच्यातील काही चांगले तंत्रज्ञ याच परीक्षेत नापास होतात.

खऱ्या संकटात याचा उपयोग झाल्याची उदाहरणे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आणि 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी संदेश पोहोचविले. परंतु मला सर्वांत बोलके वाटते ते अंदमानचे. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद या दिल्लीच्या हॅम केवळ हौसेपोटी, मोठ्या प्रयत्नाने परवानगी मिळवून, सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. दुर्मीळ बेटावरून जगाशी बोलावे एवढाच हेतू. 26 तारखेच्या सकाळी जमीन हादरली, त्सुनामी आली आणि दूरध्वनी बंद पडले. त्यांचे संच मात्र मांडलेले होते, तारा ताणलेल्या होत्या, हात सरावलेले होते. पुढे बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातलगांना त्या संचांवरून कळत राहिली.

आता थोडे येथल्याविषयी. जत्रेच्या रात्री आपल्या आवारात किती माणसे असतात, मोबाइल लागत नाही म्हणून चुकलेले मूल शोधताना आपली कशी तारांबळ उडते, हे आपण जाणताच. अग्रशाळेची गच्ची मी काल चढून पाहिली. पाण्याची टाकी आणि पलीकडचा खांब यांत तार सहज ताणता येईल. समितीची अनुमती असल्यास उद्या सकाळी नऊ वाजता मी तेथे माझा संच मांडून सिल्वासाच्या मित्रांना हाक घालणार आहे. बारा वर्षांवरील मुलामुलींनी अवश्य यावे. प्रत्येकाने एक वही आणि पेन्सिल आणावी. पेन नको, सह्याद्रीच्या पावसात शाई पसरते.