ड्रमवादक नारद

कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला आपल्याकडे नारदाची गादी म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कॅलामाझू येथे १९५२ साली जन्मलेला एक ड्रमवादक याच नावाने विख्यात व्हावा, हे श्रोत्यांना नवलाचे वाटेल. मायकेल वॉल्डन यांना ‘नारद’ हे नाव त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिले. चितगावात जन्मलेले आणि पाँडिचेरीच्या आश्रमात वाढलेले हे बंगाली साधक १९६४ साली न्यूयॉर्कला गेले होते. इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांना ‘महाविष्णु’ हे नाव देणारेही तेच.

१९७४ साली मॅकलॉफ्लिन यांच्या महाविष्णु ऑर्केस्ट्रात वॉल्डन दाखल झाले. तेथील आसन सोपे नव्हते. आधीचे वादक बिली कॉबम यांची कीर्ती मोठी, आणि संगीत विषम मात्रांचे, विलक्षण वेगाचे. आपल्या तबलजीला दोन हातांचा हिशेब ठेवावा लागतो; ड्रमवादकाला दोन्ही पायांचाही. बाविशीच्या आसपासच्या त्या तरुणाने तो भार पेलला. त्याच वर्षी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह ‘अपोकॅलिप्स’ ही तबकडी निघाली. तिचे निर्माते बीटल्सचे जॉर्ज मार्टिन होते. निर्माता काय करतो हे तरुण वॉल्डनना तेथे जवळून पाहता आले असणार. १९७६ साली जेफ बेक यांच्या ‘वायर्ड’ या तबकडीतील आठ रचनांपैकी चार वॉल्डन यांच्या होत्या.

येथवरचा प्रवास एखाद्या गुणी वादकाला शोभेल असाच. पुढचे वळण मात्र अनेक जॅझप्रेमींना रुचले नाही. १९८० साली तेरा वर्षांच्या स्टेसी लॅटिसॉ या मुलीची तबकडी त्यांनी घडवली, आणि हळूहळू ते इतरांच्या आवाजांचे निर्माते झाले. अवघड तालांचा हा धनी आता चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर नाचाची गाणी बांधू लागला! पण हा अधःपात म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःचे कौशल्य आवरून गळ्याला वाट करून देणे हेही तपच आहे. उत्तम साथीदार हे जाणतो.

१९८५ मध्ये अरेथा फ्रँकलिन यांच्यासाठी त्यांनी ‘फ्रीवे ऑफ लव्ह’ केले. अरेथाबाईंना विमानप्रवासाची धास्ती. तेव्हा वाद्यमेळ कॅलिफोर्नियात बांधायचा आणि गाणे घ्यायला डेट्रॉइटला जायचे, असा क्रम ठरला. या कामात असतानाच व्हिटनी ह्यूस्टन नावाच्या नवख्या गायिकेसाठी विचारणा आली. वॉल्डनना वेळ नव्हता. शिवाय दिलेले गाणे त्यांना अपुरे वाटले. त्यात बदल करण्याची मुभा त्यांनी मागितली; मूळ गीतकार प्रथम नाखूश झाले, मग तयार झाले. ते गाणे म्हणजे ‘हाऊ विल आय नो’. त्यात व्हिटनीमागे तिची आई सिसी ह्यूस्टन हिचाही आवाज आहे. १९८८ साली वर्षातील उत्कृष्ट निर्माता म्हणून वॉल्डन यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

सॅन राफाएल येथील त्यांच्या ध्वनिमुद्रणगृहाचे नाव ‘तर्पण’. मराठी कानाला या शब्दाबरोबर पूर्वज आणि ओंजळीतले पाणी आठवते.

ड्रम मात्र सुटले नाहीत. २०२० साली, वयाची अडुसष्ट वर्षे झाली असताना, ‘जर्नी’ या रॉक वाद्यवृंदात ते पुन्हा ड्रमवर बसले. २०२२ साली आलेल्या त्या वृंदाच्या ‘फ्रीडम’ या तबकडीत वादक तेच आहेत, आणि निर्मात्यांतही त्यांचे नाव आहे.