लाडूची कात

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच अध्यक्षसाहेब म्हणाले की पंचवीस वर्षांनी आपल्या सोसायटीने कात टाकली. नवा रंग झाला, लिफ्ट बदलली, गेटवर कॅमेरे आले. ऐकून बरं वाटलं. पण ज्याच्या घरात खरोखरची कात पडते, त्याच्या मनात लगेच दुसराच प्रश्न येतो. अख्खी पडली, की कुठे चिकटून राहिली? टेरेसचं वॉटरप्रूफिंग अजून बाकी आहे, एवढंच सांगतो आणि विषयाकडे वळतो.

कमिटीने मला सांगितलं, ‘काका, तुमच्या सापाबद्दल बोला, लोकांच्या मनात शंका आहेत.’ शंका असणारच. दोन वर्षांपूर्वी एकवीस सह्यांचं पत्र माझ्या नावाने आलं होतं. ते माझ्याकडे फाइलला आहे. सह्या करणाऱ्यांपैकी बरेच जण समोर बसलेत, त्यांनी संकोचू नये. मीही केली असती.

तर आधी कागदपत्रं. आपल्याकडचा कुठलाही साप, मग तो नाग असो, धामण असो की अजगर, घरात पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आमच्या घरातला साप बॉल पायथन जातीचा, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. बिनविषारी, साडेतीन फूट लांब. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो, म्हणून नातवाने नाव ठेवलं लाडू. आमच्या सौभाग्यवतींनी ते नाव आजतागायत घेतलेलं नाही. खाण्याच्या वस्तूचं नाव सापाला द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. २०२० साली केंद्र सरकारने असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वतःहून जाहीर करायला मुदत दिली होती. तेव्हा नातवाने नोंद केली. पुढे २०२४ मध्ये नवे नियम आले, तेव्हा परिवेश पोर्टलवर पुन्हा रीतसर रजिस्ट्रेशन केलं. जन्मभर बँकेत केवायसी मागत बसलेल्या माणसाच्या घरात बिनकागदाचा साप कसा राहील? कुणाला बघायचे असतील तर कागद दाखवतो.

नातू नोकरीसाठी बाहेरगावी गेला. साप माझ्याकडे राहिला. ‘आजोबा, फार काही करावं लागत नाही,’ म्हणाला. ते खरंही आहे, पण एक गोष्ट सोडून.

साप कात टाकतो म्हणजे काय करतो, ते थोडं सांगतो. त्याच्या जुन्या कातडीखाली नवी कातडी तयार होते आणि दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव साचतो. त्यामुळे अंगाचा रंग मळकट दिसायला लागतो आणि डोळे दुधाळ, निळसर होतात, मोतीबिंदू झाल्यासारखे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, चष्म्याच्या काचेसारखा, आणि तोही कातीबरोबर बदलतो. या चार-पाच दिवसांत त्याला धड दिसत नाही. तो खात नाही, चिडचिडा होतो, कोपरा धरून बसतो. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवीन माणसाला वाटतं, झालं, बरा झाला. पण कात त्यानंतर काही दिवसांनी पडते. ओठाजवळ खरखरीत लाकडावर घासून तो ती सोडवतो आणि आपण पायमोजा उलटा काढतो तशी अख्खी उलटी करून बाहेर येतो. निरोगी सापाची कात एकसंध असते.

माझ्याकडे ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. जानेवारी महिना होता. पावसाळ्यात आपल्या तळोज्यात वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तेव्हा लाडूची कात छान पडायची. हिवाळ्यात हवा किती कोरडी होते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यात त्याला थंडी वाजेल म्हणून मी पेटीवरचा गरम दिवा रात्रंदिवस चालू ठेवला, आणि पाण्याचं भांडं सांडतं म्हणून लहान केलं. प्रेमाने केलेला मूर्खपणा, दुसरं काय! एका सकाळी बघतो तर अंगावर जुन्या कातडीचे पापुद्रे, शेपटीच्या टोकाला एक घट्ट कडं, आणि दोन्ही डोळ्यांवर जुना खवला तसाच.

मी चिमटा हातात घेतला. खोटं कशाला बोलू? घरात एक बारीक चिमटा होता, तो स्पिरिटने पुसला, चष्मा लावला आणि नातवाला व्हिडिओ कॉल केला, कसं काढायचं ते विचारायला. तो ओरडलाच, ‘आजोबा, तो चिमटा आधी खाली ठेवा!’ एवढ्या मोठ्या आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. जुन्या खवल्याच्या खाली नवा खवला असतो, त्याच्या खाली डोळा. चिमटा जरा खोल गेला की डोळा जातो.

सापांची माहिती असणारे पशुवैद्य जवळपास सहज मिळत नाहीत. एक मिळाले. त्यांनी सापाबद्दल विचारण्याआधी पेटीतल्या दमटपणाच्या मीटरचा आकडा विचारला. मी म्हटलं, ‘पस्तीस टक्के.’ ते म्हणाले, ‘साठ हवा. कातीच्या दिवसांत सत्तर.’ मग त्यांनी अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे आहेत का, कुठे जखम आहे का, ते तपासलं, कारण त्यामुळेही कात अडकते. काही नव्हतं. दोष सगळा माझा होता.

उपाय साधा होता, पण घाई चालत नव्हती. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्यायचा. त्यात कोमट पाणी, आपल्या मनगटाला गरम न लागणारं, सापाचं अंग अर्धं बुडेल एवढंच, म्हणजे डोकं आरामात वर राहतं. वीस मिनिटं ठेवायचं आणि जवळून हलायचं नाही. मग ओला पंचा दोन्ही हातांत सैल धरायचा आणि सापाला त्यातून आपल्या मर्जीने सरकू द्यायचं. जेवढं सुटलेलं असेल तेवढं पंचाला चिकटून येतं. न सुटलेलं ओढायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं. शिवाय आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला दार कापून, आत ओलं करून पिळलेलं मॉस घालून, त्याची एक दमट गुहा पेटीत ठेवली. पाण्याचं भांडं मोठं केलं. दिव्याला टायमर लावला. तीन दिवसांत अंग मोकळं झालं.

शेपटीला मात्र उशीर झाला होता. ते वाळलेलं कडं बोटात रुतलेल्या अंगठीसारखं रक्तपुरवठा तोडतं. टोक काळं पडलं आणि काही दिवसांनी गळलं. तांदळाच्या दाण्याएवढंच होतं. लाडूला आता त्याचा काही त्रास नाही. तो गेलेला तुकडा अजून दिसतो तो मलाच.

डोळ्यांना हात लावायचा नाही, पुढच्या कातीची वाट बघायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी दीड महिना वाट बघितली. मग एका पहाटे अख्खी कात पडलेली दिसली. बँकेत ज्या भिंगाने सह्या तपासायचो ते काढलं आणि कातीचं डोकं उजेडात धरलं. डोळ्यांच्या जागी दोन गोल काचा होत्या, प्रत्येक जागी जुनी-नवी दुहेरी. शेपटीपर्यंत तपासली. बंडल पूर्ण होतं. त्या दिवशी सौभाग्यवतींनी शिरा केला. कारण सांगितलं नाही.

आता जे सांगायला खरं म्हणजे मी उभा राहिलो, ते सांगतो. जुन्या सभासदांना २६ जुलै २००५ चा पाऊस आठवत असेल. पाणी उतरल्यावर आपल्या पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीपाशी, एक लांब साप बसला होता. तेव्हा मी सेक्रेटरी होतो. मुलं खाली खेळत होती. मी वॉचमनला काठी आणायला सांगितलं. साप पळाला नाही, नुसता वेटोळं करून तोंड फिरवत राहिला. मेल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘आंधळा होता वाटतं, डोळे पांढरे आहेत.’ मी तेव्हा फक्त मिनिट्स बुकात नोंद केली, ‘सर्पाचा बंदोबस्त केला.’

ती धामण होती. बिनविषारी, उंदीर खाणारी. आणि ती आंधळी नव्हती. कात टाकायच्या आधीचे ते चार-पाच दिवस होते. तिला आम्ही धड दिसतही नव्हतो. हे मला कळायला एकोणीस वर्षं लागली. लाडूचे डोळे पहिल्यांदा तसे झालेले पाहिले तेव्हा मी हॉलमध्ये बराच वेळ उभा राहिलो. सौभाग्यवतींनी विचारलं, बरं वाटत नाही का?

गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या एका ताईंनी मला फोन केला. त्या एकवीस सह्यांमध्ये पहिली सही त्यांची होती. ‘काका, गॅलरीत साप आहे, लवकर या.’ मी साप पकडत नाही आणि तुम्हीही पकडू नका. बिनविषारी वाटला तरी तो घोणस किंवा मण्यार निघू शकतो. मी एवढंच केलं, सगळ्यांना लांब उभं केलं, एकाला लांबूनच सापावर नजर ठेवायला सांगितलं आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावला. माणसं आली, साप घेऊन गेली. दिवड होती. वॉचमनच्या केबिनमधली काठी मी त्या दिवशी वर घेऊन आलो. ती माझ्याकडे आहे. कमिटीच्या मालमत्ता रजिस्टरमध्ये कमी दिसत असेल तर माझ्या नावावर लिहावी.

मुलांना लाडू बघायला यायचं असतं, हे मला माहीत आहे. जरूर या, येताना आईबाबांना विचारून या. फक्त हा आठवडा नको. काल संध्याकाळपासून त्याचे डोळे दुधाळ झालेत. पुढच्या रविवारनंतर या, तेव्हा कातही दाखवीन.