छायाचित्राची कोरी पाठ

(बोरीवली येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१९ ऑगस्ट हा दिवस जगभर छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो. १८३९ साली याच दिवशी फ्रान्समध्ये लुई दागेर यांची छायाचित्रणाची कृती जाहीर करण्यात आली. त्यापूर्वी, १८२६-२७ च्या सुमारास, निसेफोर न्येप्स यांनी आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटविले होते. दागेर यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटे. पण त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडच्या टॅल्बट यांनी कागदावरील उलट्या प्रतिमेवरून अनेक प्रती काढण्याची रीत शोधली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कागदाऐवजी काच वापरली. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन अंधाऱ्या तंबूत धुवायची, असा तो खटाटोप होता. आपल्याकडच्या उकाड्यात तर तो अधिकच कठीण.

तरीही मुंबई मागे राहिली नाही. दागेर यांच्या शोधाला पंधरा वर्षे होतात न होतात तोच, १८५४ मध्ये, येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नावारूपास आले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. एका भावाने अजिंठ्याचे शिलालेख वाचले, दुसऱ्याने कॅमेरा हाती घेतला. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव दिले गेले. नारायणरावांचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

हा प्रश्न केवळ एका व्यक्तीचा नाही. त्याच काळात विल्यम जॉन्सन या मुंबईतील इंग्रज छायाचित्रकाराने येथील जाती-जमातींवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. १८६३ आणि १८६६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांतील माणसांची चित्रे एकीकडे घेतली, पार्श्वभूमी दुसरीकडची घेतली आणि दोन्ही जोडून एकच दृश्य सिद्ध केले. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यांत आपली माणसे आहेत. पण ती प्रामुख्याने नमुने म्हणून. चित्राखाली जातीचे नाव आहे, स्वभावाविषयीचा शेरा आहे. बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव तेवढे नाही. छायाचित्र खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. पण कोणाला कोठे उभे करायचे आणि चित्राखाली काय लिहायचे, हे चित्र काढविणारा ठरवितो. ज्याच्या हाती लेखणी, त्याचाच अर्थ चित्राला चिकटतो.

अर्थात, परकीयांनी केलेले सारेच टाकाऊ, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. मात्र त्यांनी कॅमेऱ्याने घेतलेली लेण्यांची चित्रे १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. म्हणून ती उरली. अनेक प्रती असण्याचे मोल यावरून कळते.

आता आपल्या बोरीवलीकडे येऊ. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी कोठून आले, काय दिले, हे शतकानुशतकांनंतरही वाचता येते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आज जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. घर रिकामे करताना ट्रंकेतले आजोबांचे छायाचित्र हाती येते. पाठ कोरी. बाजूला उभे असलेले कोण, गाव कोणते, प्रसंग कोणता, हे सांगणारी आजी आता नाही. मग ते चित्र रद्दीत जाते. ज्यांनी आपल्याला ‘नमुना’ म्हणून नोंदविले त्यांच्यावर आपण रागावतो; पण आपल्याच पूर्वजांना आपण अनामिक करून ठेवले, त्याचा दोष कोणाला द्यायचा? स्वत्वाचा अभिमान व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे; तो घरच्या कपाटात सिद्ध करावा लागतो.

म्हणून एक साधी विनंती. आज घरी गेल्यावर जुना अल्बम काढा. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा. मऊ पेन्सिलीने, फार दाब न देता, चित्राच्या पाठीवर नावे, गाव आणि साल लिहा. शाईचे पेन नको, ती पुढे उमटते. प्रत्येक चित्राची आणखी एक प्रत करून दुसऱ्या घरी ठेवा. शिळेवर नाव कोरणाऱ्यांचे आपण वंशज आहोत. निदान कागदावर तरी ते लिहू या.