आधी रुग्णवाहिका, मग फेरी

(काळ्या दिनाच्या तयारीसाठी बोलावलेल्या दुचाकीस्वार कार्यकर्त्यांच्या बैठकीत मंडळाच्या वतीने झालेले भाषण)



आज आम्ही सीमाप्रश्नाची मांडणी करणार नाही. ती तुम्हांला पाठ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावसह हा मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला आणि त्या अन्यायाचा निषेध म्हणून आपण त्याच तारखेला काळा दिन पाळतो. फेरी कशासाठी, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. फेरी कशी काढायची, हे मात्र आम्हां सर्वांनाच नव्याने शिकण्याची वेळ आली आहे, आणि ती एका रुग्णवाहिकेमुळे आली आहे.

मागे एकदा जनजागृतीसाठी निघालेली आपली दुचाकी फेरी खानापूर रस्त्याने शहराकडे येत होती. मागून सायरन ऐकू आला. मुलांनी मुद्दाम वाट अडवली, असे कोणी म्हणू शकणार नाही. सगळे हलले. शिट्ट्या वाजल्या, "अँब्युलन्स, अँब्युलन्स" असा ओरडा झाला. पण निम्मे डावीकडे गेले आणि निम्मे उजवीकडे. उजवीकडच्यांमुळे समोरून येणारी बस जागीच उभी राहिली. दहा-बारा जण तर "चला, आपण वाट करून देऊ" म्हणत, हॉर्न वाजवत अँब्युलन्सच्या पुढे धावले आणि पुढच्या चौकात स्वतःच अडकून पडले. सात-आठ मिनिटे गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे-तिघे त्या चालकाला शोधून भेटलो आणि माफी मागितली. माणूस आपल्याच तालुक्यातला. तो रागावला नाही. म्हणाला, "काका, पोरांचं मन चांगलं आहे हो. पण मला पुढं पोरं नको होती, रस्ता हवा होता." आत छातीत दुखू लागलेला एक शेतकरी होता. तो वाचला, हे त्याचे नशीब. आमचे त्यात काहीही श्रेय नाही.

मित्रहो, त्या चालकाच्या एका वाक्यात आजचे सगळे भाषण आले. तरी थोडे फोड करून सांगतो.

आपल्या मनात एक समज घट्ट बसला आहे की रस्ता अडतो तो ट्रकने, बसने, मोटारीने. दुचाकी ती काय, हातभर रुंद, ती कुणाला अडवणार? रोजचा अनुभव याच्या उलट आहे. सायरन ऐकून मोटारवाला डावीकडे सरकतो, उजवीकडे फट पडते, आणि त्या फटीत अँब्युलन्स शिरण्याआधी चार मोटारसायकली शिरलेल्या असतात. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर उभे राहून पाहा. गेट पडले की मोटारी एका रांगेत थांबतात. दुचाकीवाले मात्र पाण्यासारखे पुढे झिरपतात आणि समोरून येणाऱ्यांची अर्धी बाजूही भरून टाकतात. पलीकडचेही तेच करतात. गेट उघडते तेव्हा दोन्ही फौजा समोरासमोर! अशा वेळी मागे अँब्युलन्स असली तर तिला ना पुढे जाता येते, ना मागे वळता येते. तिथे वाट अडवलेली असते ती फक्त आपण.

दुसरी सवय याहून वाईट. अँब्युलन्स गेली की तिच्या मागे लागायचे. तिच्यासाठी लोकांनी केलेली वाट फुकट वापरायची. यात शिताफी वाटते, पण त्या गाडीला कधी अचानक थांबावे लागले तर मागच्या दुचाकीला सावरायला जागा उरत नाही. शिवाय बाजूला थांबलेले लोक अँब्युलन्स गेल्याबरोबर पुन्हा रस्त्यावर येतात, त्यांना मागून भरधाव येणारे तुम्ही दिसत नाही. पेशंटचे नातेवाईकही असेच मागून सुसाट येतात. त्यांना हात जोडून सांगा, बाबांनो, हॉस्पिटल ठरलेले आहे, सावकाश या. एका घरातले दोन पेशंट करू नका.

तिसरी सवय म्हणजे स्वतःहून 'पायलट' होण्याची. यामागे भावना चांगली असते, म्हणून तिच्याविषयी बोलणे अवघड जाते. पण जरा गाडीच्या आत काय चालले असेल ते डोळ्यांसमोर आणा. स्ट्रेचरवर पेशंट आहे. त्याच्याशेजारी परिचारक सलाईन सांभाळतो आहे, कदाचित दोन्ही हातांनी छाती दाबतो आहे. त्याला स्वतःला धरायला हात मोकळा नाही. पुढे नागमोडी चालणाऱ्या मोटारसायकलीमुळे चालकाने करकचून ब्रेक मारला तर आतली माणसे भिंतीवर आदळतात. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. तिथे छाती दाबणे क्षणभर थांबले तरी परवडत नाही. आपल्या उत्साहाची किंमत अशी आत मोजली जाते.

"गाडी रिकामी आहे, उगाच सायरन वाजवतोय," असेही नेहमी ऐकू येते. अरे, रिकामी गाडी सायरन वाजवत निघाली आहे म्हणजे ती पेशंटला आणायला निघाली आहे. भरलेल्या गाडीतल्या पेशंटजवळ निदान ऑक्सिजन तरी असतो. रिकाम्या गाडीची वाट पाहणारा कुठेतरी रस्त्याच्या कडेला नाहीतर घरात पडलेला असतो. कोणी चालक सायरनचा गैरवापर करत असेल तर गाडीचा नंबर टिपून तक्रार करा. रस्त्यावर न्यायाधीश होऊ नका.

मग सायरन ऐकल्यावर करायचे काय? आधी दचकून ब्रेक मारू नका. आरशात पाहा, गाडी मागून येते आहे की समोरून, ते ओळखा. डावा इंडिकेटर द्या, वेग कमी करा, डाव्या कडेला जा आणि थांबा. सगळे एकाच बाजूला, म्हणजे डावीकडे, हे महत्त्वाचे. गाडी निघून गेल्यावर पुन्हा एकदा मागे पाहा, दुसरी असू शकते. चोर्ला मार्गे गोव्याला जाताना घाटात अँब्युलन्स मागे आली तर वळणावर थांबू नका. वळण संपवून, जागा रुंद झाली की कडेला घ्या. कडेच्या खडीवर वेगात गाडी घातलीत तर तीच अँब्युलन्स तुमच्यासाठी थांबवावी लागेल. आणि ज्यांनी सायलेन्सर काढून फटफटाट चालवला आहे, ज्यांच्या कानांत गाणी चालू आहेत, त्यांना सायरन ऐकूच येणार नाही. त्यांनी या सगळ्याची सुरुवात तिथून करावी.

अग्निशामक बंबालाही हेच लागू आहे, आणि तिथे उभ्या गाड्यांचाही दोष आहे. गणपत गल्लीत, खडेबाजारात सणासुदीच्या दिवसांत दुचाक्या कशा लावलेल्या असतात ते आपण पाहतो. दोन मिनिटांत येतो म्हणून दुसऱ्या रांगेत लावलेली गाडी बंबाला गल्लीच्या तोंडाशी थांबवू शकते.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १९४-ई हे कलम आले. आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. जागेवर भरून मिटवायची रक्कम प्रत्येक राज्य आपल्यापुरती ठरवते. पण दंडाच्या भीतीने वाट देणारा माणूस पोलीस नसला की देणार नाही. म्हणून आम्ही तुमच्याकडे कायदा नव्हे, शिस्त मागतो आहोत.

आता मुद्दा आपल्या चळवळीचा. आपल्या फेरीला परवानगी नाकारायला प्रशासनाला निमित्त हवेच असते. फेरीत अँब्युलन्स अडकली, यापेक्षा मोठे निमित्त आपण त्यांच्या हाती कोणते देणार? पण हेही दुय्यम आहे. कर्नाटकात १०८ ची सेवा सुरू झाली ती २००८ साली, आणि तारीख होती १ नोव्हेंबर. आपण काळे झेंडे बांधतो तीच. त्या गाडीवर मराठीत पाटी का नाही, हे भांडण आपले आहे आणि ते सनदशीर मार्गाने चालू राहील. गाडीशी आपले भांडण नाही. आत पडलेला माणूस मराठी असेल, कन्नड असेल, उर्दू बोलणारा असेल. चंदगडहून, खानापूरच्या जंगलपट्ट्यातून उपचारासाठी बेळगाव गाठणारी आपली माणसेही याच रस्त्यांनी येतात. भाषेच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरणाऱ्याने एखाद्याच्या जगण्याचा हक्क रस्त्यात अडवला, तर आपल्या घोषणेला कोण मान देईल?

एक साधा हिशेब आम्ही मांडून पाहिला. तीनशे दुचाकी, दोन-दोनच्या रांगेत, प्रत्येक जोडीला पाच मीटर जागा, म्हणजे आपली फेरी सुमारे पाऊण किलोमीटर लांब होते. उजवी बाजू मोकळी असेल तर ताशी ३० किलोमीटर वेगाने अँब्युलन्स ती दीड मिनिटात ओलांडते. माणसाच्या चालीने, गर्दीतून वाट काढत जावे लागले तर नऊ मिनिटे लागतात. दीड मिनिट आणि नऊ मिनिटे, यांतला फरक फक्त आपण कसे चालतो, एवढाच आहे.

म्हणून यंदापासून मंडळाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. फेरी रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागातूनच चालेल आणि दोनपेक्षा जास्त दुचाकी शेजारी-शेजारी असणार नाहीत. फेरीचा मार्ग आणि वेळ १०८ ला व वाटेवरील इस्पितळांना आगाऊ कळवली जाईल. सर्वांत मागे आणि प्रत्येक पन्नास गाड्यांमागे शिट्टी घेतलेला एक स्वयंसेवक असेल. एक लांब शिट्टी वाजली की घोषणा बंद, ध्वनिक्षेपक बंद, गाड्या डाव्या कडेला. चौकात पायी उभे असलेले स्वयंसेवक समोरची वाहतूक थांबवतील. अँब्युलन्सच्या पुढे किंवा मागे एकही दुचाकी धावणार नाही. जो धावेल, त्याने काळी फीत काढून घरी जावे. हे कठोर वाटेल, पण आम्ही ते पाळून घेणार आहोत.

येत्या रविवारी सकाळी मैदानावर याची तालीम आहे. खानापूर रस्त्यावरचा तो चालक सुट्टी काढून येणार आहे. त्याच्या गाडीच्या जागी आपण टेम्पो वापरू. मागून सायरन वाजेल आणि पाऊण किलोमीटरची वाट दीड मिनिटात मोकळी होते का, ते घड्याळ लावून पाहू. जमले नाही तर पुन्हा करू. सगळ्यांनी हेल्मेट घालून वेळेवर या.

जय महाराष्ट्र!